उलट्या-जुलाब झालेल्या बाळाला घरी काय द्यावं, काय देऊ नये, आणि दवाखाना कधी गाठावा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा १४ महिन्यांचा, वजन ९ किलो. परवा रात्री चार-पाच उलट्या आणि ताप, कालपासून पाण्यासारखे आठ-दहा जुलाब. ओआरएस पाजलं की भडाभडा ओकून टाकतो. आजींचं म्हणणं, दाढा येतायत, दूध बंद करा. मेडिकलवाल्याने ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलचं सिरप, जुलाब बंद व्हायची लोपेरामाइडची गोळी (अर्धी द्या म्हणून) आणि टेट्रा पॅकमधलं फळांच्या चवीचं ‘ओआरएस’ दिलंय. यातलं काय द्यायचं आणि दवाखान्यात कधी पळायचं?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. बाकीचं सगळं अर्धा तास थांबेल, हा थांबणार नाही.

आत्ता बाळाकडे चार गोष्टी बघा. पहिली, त्याची हुशारी. खेळतोय, की सारखी किरकिर करतोय, की हाक मारली तरी मान टाकून पडून राहतोय? दुसरी, डोळे. काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात, त्यामुळे ‘नेहमीपेक्षा खोल’ आहेत का हे आईला जितकं कळतं तितकं तपासणाऱ्यालाही कळत नाही. तिसरी, तहान. चमचाभर पाणी ओठाला लावा. नेहमीसारखं पितो, की अधाशासारखा चमच्याला झोंबतो, की गिळायचा कंटाळा करतो? चौथी, पोटाची चिमटी. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध कातडी अंगठा आणि तर्जनीच्या मांसल भागात उभी धरा, उचला, सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. घडी क्षणभर डोळ्यांना दिसली तर पाणी कमी पडलंय. दोन सेकंदांहून जास्त राहिली तर फारच कमी पडलंय. गुटगुटीत बाळात ही चिमटी उशिरा कळवते आणि फार रोडावलेल्या बाळात उगाच घाबरवते, म्हणून एकट्या चिमटीवर निकाल देऊ नये.

किरकिर, खोल डोळे, अधाशी तहान, हळू बसणारी चिमटी यांपैकी दोन खुणा असतील तर बाळ सुकायला लागलंय. त्याला मोजून ओआरएस हवं आणि त्याच दिवशी डॉक्टरांची नजरही हवी. मान टाकणं, पिता न येणं, दोन सेकंदांहून जास्त राहणारी चिमटी, खोल डोळे यांपैकी दोन असतील तर घरी एक मिनिटही घालवू नका. त्याला शिरेतून सलाईन लागणार. गिळत असेल तर रिक्षातही चमच्याने ओआरएस चालू ठेवा. पूर्ण ग्लानीत असेल तर तोंडात काही घालू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं.

याशिवाय काही खुणा अशा आहेत की बाळ सुकलेलं नसलं तरी थांबायचं नाही: शीमध्ये रक्त, हिरवीगार उलटी, पोट फुगून टणक होणं, झटका, तीन दिवसांपुढे चाललेला ताप, शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास (वर्षाच्या आतल्या बाळात ५०). आणखी एक, जी हमखास नजरेतून सुटते. दर दहा-पंधरा मिनिटांनी बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, पांढरंफटक पडतं, मधल्या वेळात एकदम शांत असतं आणि नंतर लाल जेलीसारखी शी होते. हे जुलाब नव्हेत, आतडं आतड्यात शिरलेलं असतं. सोनोग्राफी करून काही तासांत सोडवावं लागतं.

लघवीवरही लक्ष ठेवा. सहा तासांत झाली नसेल तर दाखवा. पण हल्लीच्या डायपरमध्ये पातळ शी आणि लघवी एकच होऊन जाते आणि आईला विचारलं तर ‘होतेय की’ असं उत्तर मिळतं. डायपर काढा, सुती लंगोट किंवा दुपटं वापरा, म्हणजे खरं काय ते दिसेल.

आता हे आहे काय. आधी उलट्या आणि ताप, मग चोवीस तासांत पाणीदार, रक्त नसलेले जुलाब, वय सहा महिने ते दोन वर्षं: हा क्रम विषाणूचा आहे, बहुधा रोटा किंवा नोरो. आपल्याकडे रोटाचा जोर थंडीच्या कोरड्या महिन्यांत असतो. पावसाळ्याच्या तोंडाला येणाऱ्या साथीत पाण्याच्या पाइपात शिरलेलं गटार आणि त्यातले जिवाणू जास्त असतात. विषाणूचा जुलाब ठरल्या वेळापत्रकाने चालतो. उलट्या एक-दोन दिवसांत ओसरतात, ताप दोन-तीन दिवसांत, जुलाब मात्र पाच ते सात दिवस आपली वाट पूर्ण करतात. तुमच्या बाळाचा आज दुसरा-तिसरा दिवस, म्हणजे उलट्या संपत आल्या आणि जुलाब भरात. औषध बदललं नाही तरी परवापासून फरक दिसू लागेल, आणि त्याचं श्रेय त्या दिवशी जे काही चालू असेल त्याला मिळेल. जायफळ, मुरुडशेंग, बाळगुटी आणि अँटिबायोटिक या सगळ्यांची ख्याती बऱ्याच अंशी अशीच झालेली आहे.

दातांचं म्हणाल तर दात येण्याने पाण्यासारखे दहा जुलाब होत नाहीत. आईकडून मिळालेलं संरक्षण याच वयात ओसरतं, बाळ याच वयात रांगतं, उभं राहतं, सापडेल ते तोंडात घालतं, आणि दातही याच वयात येतात. आजींनी पाहिलेला योग खरा आहे, त्यांनी लावलेलं कारण तेवढं चुकलं.

आता ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी. इथे जरा थांबतो, कारण दहापैकी आठ घरांत घोटाळा इथेच होतो. आतड्याच्या पेशींना एक दार असतं, ते मीठ आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढलं जातं. विषाणूने आतड्याची लव खरवडून टाकली तरी हे दार बऱ्यापैकी शाबूत राहतं. म्हणून नुसतं पाणी किंवा नुसतं साखरपाणी जिथे टिकत नाही तिथे ओआरएस टिकतं. पण त्यासाठी प्रमाण नेमकं लागतं. १ लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधं मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, मिळून २०.५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं सूत्र हेच आहे. साखर वाढली की उलट दिशेने पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. तयार ज्यूस, कोला, ग्लुकोज पावडरचं पाणी यांनी हेच होतं: साखर भरमसाट, मीठ नावाला.

तुम्हाला मिळालेलं टेट्रा पॅक यात कुठे बसतं ते त्याच्या पाठीवर बघा. सोडियम लिटरला ७५ मिलिइक्विव्हॅलंट, ग्लुकोज ७५ मिलिमोल, एकूण ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) २४५ असं छापलेलं असेल तर ते ओआरएस आहे, वापरा. तिथे नुसती साखर, फळांचा रस आणि ‘ऊर्जा’ असेल तर ते सरबत आहे, ते थोरल्या भावंडाला द्या. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, पण दुकानातल्या फळीवरचा जुना माल आणि दुकानदाराच्या तोंडची जुनी नावं एका आदेशाने जात नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे फुकट मिळणारी पुडी साधी दिसते, पण सूत्र तेच असतं.

पुडी दोन आकारांत येते. मोठी १ लिटरची, लहान २०० मिलीची. पुडी पूर्ण फोडून सांगितलेल्या सगळ्या पाण्यात एकदमच कालवायची. अर्धी आता, अर्धी रात्री असं करू नये, कारण पुडीतले क्षार एकसारखे मिसळलेले असतीलच असं नाही. पाणी उकळून गार केलेलं. माप घरच्या पेल्याचं नको, कुठला पेला १५० मिलीचा, कुठला ३०० चा. १ लिटरच्या पाण्याच्या बाटलीने मोजा, लहान पुडीला औषधाच्या मापाने २०० मिली. सर्वांत धोक्याची चूक म्हणजे मोठी पुडी एका पेल्यात कालवणं. त्याने बाळाच्या रक्तातलं सोडियम झपाट्याने चढतं, मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. चव लागावी म्हणून वरून साखर घालू नका, दुधात कालवू नका, कालवल्यावर उकळू नका. झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

आता ‘पाजलं की ओकतो’ याचं उत्तर. बाळ तहानलेलं असतं म्हणून आई वाटी तोंडाला लावते, ते घटाघट ६० मिली पितं, सुजलेलं पोट ते परत फेकतं. मग सगळे ठरवतात, याला ओआरएस पचत नाही. पचत नाही असं नाही, वेगाने गेलं म्हणून उलटलं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग घड्याळ समोर ठेवून दर दोन मिनिटांनी ५ मिली, म्हणजे औषधाचा एक चमचा. दिसायला हे फारच थोडं वाटतं. हिशोब करा: दर दोन मिनिटांना ५ मिली म्हणजे तासाला १५० मिली, चार तासांत ६०० मिली. सुकायला लागलेल्या बाळाला चार तासांत किलोमागे ७५ मिली लागतं. ९ किलोला ६७५. म्हणजे चमच्याचा हा चिकाटीचा वेग जवळजवळ पूर्ण गरज भागवतो. दोघा-तिघांनी अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावली तर हात दुखत नाही आणि कंटाळाही येत नाही. चमच्याला मान फिरवत असेल तर सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज घ्या, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. मधूनच एखादी उलटी झाली तरी आत गेलेलं सगळं बाहेर येत नाही. दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा.

चार तासांनी त्याच चार खुणा पुन्हा बघा. डोळे भरले, लघवी झाली, हुशारी आली, तर पुढे दर पातळ शीमागे ५० ते १०० मिली. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला हेच १०० ते २०० मिली. खुणा तशाच राहिल्या, किंवा तासाला तीनहून जास्त उलट्या होत आहेत, किंवा जितकं जातंय त्याहून जास्त शीतून पडतंय, तर घरी हट्टाने चालू न ठेवता दाखवा.

आणि हे नीट समजून घ्या: ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. पहिल्या दिवशी थोडे वाढल्यासारखेही वाटतात. ‘दोन पुड्या पाजल्या, काही उपयोग नाही’ असं म्हणून लोक पुडी सोडतात आणि जुलाब बंद करणाऱ्या गोळीकडे वळतात. मोजायचं ते संडासांचा आकडा नाही. आत किती गेलं आणि लघवी किती आली हे मोजा. एका कागदावर वेळ, किती पाजलं, शी, उलटी, लघवी असे रकाने आखा. डॉक्टरांकडे जावं लागलं तर तो कागद सोबत न्या, त्याने रात्रभराची हकिकत एका मिनिटात कळते.

हे आई-बापाच्या हातून होतं याची परीक्षा होऊन गेलेली आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धात सीमेवरच्या बनगावला निर्वासितांमध्ये पटकीची साथ आली, सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या पुड्या करून घेतल्या, पिंपांत पाणी कालवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. तिथला सुमारे ३० टक्के मृत्युदर ४ टक्क्यांच्या आत आला. सरकारला त्यांची आठवण झाली ती २०२३ मध्ये, मरणोत्तर पद्मविभूषण देऊन.

पुडी हाताशी नसेल, रात्रीची वेळ असेल, तर भाताची पेज किंवा डाळीचं पाणी चिमूटभर मीठ घालून, किंवा खारं ताक चमच्याने सुरू करा. साखर-मीठ पाणी करायचंच तर १ लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरला की प्रमाण बिघडतं, आणि त्यात पोटॅशियम नसतंच, म्हणून हे पुडी मिळेपर्यंतचं. नुसतं साधं पाणी दिवसभर पाजणंही बरं नाही, मीठ परत न भरल्याने सोडियम उतरतं आणि बाळ आणखी मलूल होतं.

मेडिकलवाल्याने दिलेल्या बाकीच्या औषधांविषयी. लोपेरामाइड कचऱ्यात टाका. ते आतड्याची हालचाल थांबवतं, पाणी आतच साठत राहतं. शी दिसत नाही म्हणून घरचे निश्चिंत होतात, इकडे पोट फुगतं, बाळ पेंगतं आणि आतल्या आत सुकतं. लहान मुलांत या गोळीने जीव गेलेले आहेत, आणि अर्धी केली म्हणून ती अर्धी धोक्याची होत नाही.

ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलही देऊ नका. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. या जोडीतल्या ऑर्निडाझोलने तोंडाला धातूची चव येते, मळमळ वाढते, आणि ओफ्लॉक्सासिन आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून जुलाब लांबवू शकतं. शीच्या तपासणीत ‘पस सेल्स (पूच्या पेशी) ४-६’ आलं म्हणून अँटिबायोटिक सुरू करण्याची पद्धतही चुकीचीच. तेवढ्या पेशी विषाणूच्या जुलाबातही दिसतात, आणि एवढ्या लहान बाळात अमीबा फार क्वचित असतो. अँटिबायोटिक लागतं ते शीत रक्त असेल तेव्हा, पटकीचा संशय आणि बाळ फार सुकलेलं असेल तेव्हा, बाळ अतिकुपोषित असेल किंवा रक्तात जंतू पसरल्याच्या खुणा असतील तेव्हा. कोणतं आणि किती हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

उलटीसाठी ऑन्डनसेट्रॉनचा एक डोस, ८ ते १५ किलो वजनाला २ मिलिग्रॅम, पुष्कळ बाळांची सलाईन वाचवतो. पण तो बाळाला तपासून द्यायचा आणि एकदाच. दर सहा तासांनी देत बसलं तर जुलाब वाढतात. दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चमचा सुरू. डॉमपेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड ही उलटीची दुसरी औषधं मात्र नकोत. कधीकधी त्यांनी मान वाकडी होते, डोळे वर फिरतात, आणि झटका समजून सगळं घर हादरतं. प्रोबायोटिकच्या (उपयोगी जिवाणूंच्या) पुडीने तुमच्या बाळाचं नुकसान होणार नाही, फायदाही फार धरू नका. ते पैसे झिंकला ठेवा.

झिंक हे या यादीतलं सर्वांत दुर्लक्षित औषध. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांत १० मिलिग्रॅम, आणि १४ दिवस. जुलाब पाचव्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे, कारण सोललेल्या आतड्याची लव परत उगवायला तेवढा वेळ लागतो. पूर्ण कोर्स घेतलेल्या मुलांना पुढचे दोन-तीन महिने जुलाब कमी होतात. सरकारी गोळी २० मिलिग्रॅमची असते. चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात टाकली की आपोआप विरघळते. सिरप आणलंत तर बाटली वाचा. ५ मिलीत १० मिलिग्रॅम असतं तसं २० ही असतं. चव कडसर, म्हणून रिकाम्या पोटी देऊ नका. अर्ध्या तासात ओकून पडलं तर एकदा पुन्हा द्या.

तापासाठी पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या बाळाला १३५, दोन डोसांमध्ये सहा तासांचं अंतर. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर साडेपाच मिली, ५ मिलीत २५० चं असेल तर २.७ मिली, आणि थेंबांची बाटली १ मिलीला १०० मिलिग्रॅमची असेल तर फक्त १.३ मिली. थेंबांचं औषध सिरपच्या मापाने ५ मिली दिलं की ५०० मिलिग्रॅम जातं. तीन बाटल्यांची नावं सारखी, रंग सारखे, म्हणून ही चूक होते. आयबुप्रोफेन आणि मेफेनामिक ॲसिड सुकलेल्या बाळाला नकोत, किडनीवर ताण येतो.

आता दूध आणि खाणं. अंगावरचं दूध एका वेळेलाही बंद करू नका. उलट मागेल तितक्यांदा पाजा, उलटीनंतरही तेच सर्वांत आधी टिकतं. वरचं दूध घेत असेल तर ते पाणी न घालता, नेहमीच्याच दाटपणाने. पोटाला ‘आराम’ देण्याची कल्पना जुनी आणि नुकसानीची आहे. आतड्याच्या पेशी जेवणावरच वाढतात, दोन दिवस उपाशी ठेवलं की जुलाब लांबतात आणि बाळ दोनशे-तीनशे ग्रॅम उतरतं. चार तासांचं भरपाईचं ओआरएस झालं की मऊ मुगाची खिचडी वरून चमचाभर तूप किंवा तेल घालून, दहीभात, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, नाचणीची पेज, इडली, जे बाळ एरवी खातं तेच थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. साबुदाण्याच्या पाण्यावर चार दिवस ठेवू नका, त्यात पिठूळपणाशिवाय काही नाही. तूप-तेलाने जुलाब वाढतात ही भीतीही सोडा.

‘याला दूध धार्जिणं नाही, लॅक्टोजमुक्त पावडर द्या’ असा सल्ला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतो. तेव्हा तो घाईचा असतो. जुलाब आठवड्याच्या पुढे गेले, फेसाळ आणि आंबट वासाचे झाले, गुदाभोवतीची कातडी लालबुंद सोलवटली, दुधानंतर लगेच शी होते असं दिसलं, तर दुधातली साखर तात्पुरती पचत नसेल. तेव्हाही आधी दुधाऐवजी दही आणि खिचडीत कालवलेलं दूध करून बघतात. चौदा दिवसांपुढे गेलेला जुलाब हा वेगळा आजार समजून तपासायचा.

घरातल्या बाकीच्यांना होऊ नये म्हणून: हा विषाणू जुलाब थांबल्यावरही आठवडाभर आणि कधी त्याहून जास्त शीतून पडत राहतो. लहान मुलाच्या शीत ‘काही नसतं’ हा समज मुळातच चूक आहे, मोठ्यांच्या शीपेक्षा ती जास्त पसरवते. शी धुतलेलं पाणी न्हाणीच्या मोरीत किंवा अंगणात न टाकता संडासात टाका. डायपर गुंडाळून बंद पिशवीत टाका. हात साबणाने वीस सेकंद धुवा, नखांच्या आतही. सॅनिटायझर नोरो विषाणूवर फारसा चालत नाही. आणि दुधाची बाटली या निमित्ताने घरातून घालवा. रबरी बुचाच्या घडीत साय चिकटून राहते, ती कुठल्याच ब्रशने पूर्ण निघत नाही. १४ महिन्यांच्या बाळाला वाटी-चमचा किंवा फुलपात्र पुरे.

पाणी खळखळ उकळू द्या, एक मिनिटभर उकळलं की पुरतं, आणि उकळलेल्याच भांड्यात झाकून ठेवा. गार करून न उकळलेल्या माठात ओतलं तर उकळण्याची मेहनत वाया. गावाकडे टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची असेल तर १००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर. ती सरळ टाकीत भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुन्याचा गाळ खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता आणि कमीत कमी एक तास पाणी वापरू नका. उघड्या पोत्यातली, दमट झालेली पावडर नुसता चुना असते, क्लोरीन उडून गेलेलं असतं. जलसुरक्षकाची (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याची) ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, केल्यावर पाण्याला पिवळी झाक आली तरच पावडर कामाची. गल्लीत एकाच आठवड्यात पाच-सहा घरांत जुलाब दिसले तर ग्रामपंचायतीला किंवा पालिकेच्या आरोग्य विभागाला लगेच कळवा. पाइप कुठे फुटला हे अशाच तक्रारींवरून सापडतं.

लशीचं बघू. रोटाचे थेंब ६, १० आणि १४ आठवड्यांना, सरकारी केंद्रात फुकट. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ पासून चार राज्यांत सुरुवात झाली, मग देशभर. भारतातल्या चाचण्यांत पहिल्या वर्षातले रोटाचे तीव्र जुलाब निम्म्याहून थोडे जास्त कमी झाले. म्हणजे लस घेतलेल्या बाळालाही जुलाब होऊ शकतात, पण सलाईन लावण्याची पाळी कमी येते. तुमच्या मुलाच्या कार्डावर ते तीन डोस आहेत का बघा. नसतील तर आता वय निघून गेलंय, पहिला डोस वर्षाच्या आतच सुरू करावा लागतो. धाकटं भावंड होईल तेव्हा सहाव्या आठवड्यालाच जा.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि त्यासोबतचं एक लाख युनिट अ जीवनसत्त्व नवव्या महिन्यात झालंय का, हेही त्याच कार्डावर बघा. गोवरातून उठलेल्या मुलाला आठवडेच्या आठवडे जुलाब लागतात, आणि २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात आलेल्या गोवराच्या साथीत ज्यांना लस मिळालीच नव्हती अशी बरीच मुलं होती. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. तुमच्या मुलाचा दोन महिन्यांवर आलाय. त्यासोबत अ जीवनसत्त्वाचा दोन लाखांचा डोस, मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांचा होईपर्यंत.

जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. झिंकची चौदावी गोळी होईल त्या दिवशी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करा, शक्यतो आजारापूर्वी केलं होतं त्याच काट्यावर. ९ किलोच्या खाली राहिलं असेल तर आणखी दोन आठवडे ते जास्तीचं जेवण चालू ठेवून पुन्हा काट्यावर बसवा, आणि तरीही भरलं नाही तर पाजल्या-शीच्या नोंदींचा तो कागद आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांना दाखवा.